संपीडन

संपीडन, म्हणजे रोजच्या बोलण्यातले कॉम्प्रेशन, ही एखादी गोष्ट दाबून किंवा तिची नव्याने मांडणी करून ती कमी जागेत बसवण्याची क्रिया. वायू, दगड, ध्वनी, शरीर आणि संगणकातील माहिती या सगळ्यांबाबत हा शब्द वापरतात, पण प्रत्येक ठिकाणी घडते ते वेगळे. हे अर्थ नीट वेगळे करायचे तर एकच प्रश्न विचारावा: दाबलेली गोष्ट मूळ रूपात परत मिळते का?

वायू सहज दाबला जातो आणि सोडला की पुन्हा पसरतो. तापमान कायम असेल तर दाब दुप्पट केल्यावर आकारमान निम्मे होते, हा रॉबर्ट बॉइलचा १६६२ मधील नियम. झटक्यात दाबले तर मात्र वायू तापतो. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते ते त्यामुळेच. रुडॉल्फ डिझेलने या उष्णतेवरच इंजिन उभे केले आणि १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे ते यशस्वीपणे चालवून दाखवले. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचे मिश्रण साधारण ८ ते १२ पट दाबून ठिणगीने पेटवतात. डिझेल इंजिनात नुसती हवा १५ ते २० पट दाबली जाते, ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि फवारलेले डिझेल ठिणगीशिवाय पेट घेते.

विहिरीवर किंवा पिठाच्या गिरणीत हँडल मारून सुरू होणारे जुने इंजिन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. आधी हेडवरची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरची, छोटी कळ फिरवून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, म्हणजे हवा कोंडत नाही आणि हँडल हलके फिरते. जड चाकाने वेग घेतला की कळ सोडायची. हवा कोंडते, तापते आणि पहिला ठोका पडतो. दट्ट्याच्या रिंगा किंवा लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) झिजले, व्हॉल्व्ह नीट बसेना किंवा हेड गॅस्केट (हेडखालची सांधा बंद करणारी पट्टी) उडाले की हवा निसटते. अशा वेळी मिस्त्री ‘कॉम्प्रेशन गेलं’ म्हणतो, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना घाम निघतो.

फ्रिजचा कॉम्प्रेसरही वायूच दाबतो. तापलेला वायू मागच्या जाळीत उष्णता सोडून द्रवरूप होतो, आणि पुढे दाब उतरल्यावर तोच आतली उष्णता शोषून घेतो. सीएनजीच्या टाकीत नैसर्गिक वायू सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या साधारण २०० पट, दाबाने भरतात.

बांधकामात संपीडन म्हणजे भार पेलणे. दगडी कमान आणि विटांचा खांब केवळ त्यावर उभे असतात. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या भागाइतकीच असते, म्हणून स्लॅबमध्ये सळई लागते. साइटवर १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून, ते २८ दिवस पाण्यात ठेवून, यंत्रात फुटेपर्यंत दाबतात. एम-२० काँक्रीट म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसणारे. इथे ठोकळा एकदा फुटला की परतीचा प्रश्नच उरत नाही.

ध्वनिलहरीत हवेच्या दाट पट्ट्याला संपीडन आणि विरळ पट्ट्याला विरलन म्हणतात. वैद्यकात पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी घट्ट मोजे वापरतात. हृदय बंद पडलेल्या प्रौढ व्यक्तीची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबायची असते, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची असते. नाहीतर हृदयात पुन्हा रक्त भरत नाही.

माहितीच्या संपीडनाचा पाया अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ मध्ये घातला: जे आधीच ओळखता येते ते लिहिण्यात जागा घालवू नये. १९५२ मध्ये डेव्हिड हफमनने वारंवार येणाऱ्या चिन्हांना लहान संकेत देण्याची रीत मांडली. १९७७ मध्ये अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव यांनी पुन्हा येणारा तुकडा न लिहिता ‘मागे अमुक ठिकाणी आहे’ एवढीच खूण ठेवली. झिप फाइल या दोन्हींच्या आधारे बनते. मराठी मजकुराला तिचा मोठाच फायदा होतो. यूटीएफ-८ या संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्यातला पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५ असतो. ‘मराठी’ या शब्दाचे १५ बाइट होतात, पण त्यांतील बरेचसे अंदाजाने सांगता येतात. झिप उघडली की अक्षर न् अक्षर परत मिळते. तरीही प्रत्येक फाइल लहान करणारी अशी पद्धत असूच शकत नाही, कारण लहान फाइलींची शक्य रूपे मोठ्यांपेक्षा कमी असतात. म्हणूनच झिपची पुन्हा झिप करून काही साधत नाही.

फोटो साठवण्याची जेपीईजी पद्धत मात्र काही तरी कायमचे टाकून देते. ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन करते आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे बारकावे गाळते. तिच्या मुळाशी असलेले गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. ऑनलाइन अर्जासाठी फोटो ५० केबीत बसवताना हेच बारकावे जातात, आणि ती लहान प्रत पुन्हा मोठी केली तरी चेहरा स्पष्ट होत नाही. मूळ फोटो त्यामुळे जपून ठेवावा.

ध्वनिमुद्रणातले कॉम्प्रेशन यापेक्षा निराळे. गाण्याची फाइल लहान करणाऱ्या एमपी३शी त्याची गल्लत करू नये. त्यात फाइल लहान होत नाही, तर मोठा आवाज खाली आणून मोठ्या आणि हळू आवाजातले अंतर कमी करतात. ते अति झाले तर तबल्याची थाप आणि तिच्यामागे रेंगाळणारा नाद (आस) जवळजवळ एकाच पातळीवर ऐकू येतात.