पोळीविना ताट : नागपूरच्या घरांतील पॅलिओ जेवणाची पार्श्वभूमी

नागपुरातील काही घरांत अलीकडे रात्रीच्या पंगतीत एक ताट इतरांपेक्षा वेगळे वाढले जाते. बाकीच्यांच्या ताटात पोळी, तुरीचे वरण, भात आणि भाजी असते. त्या एका ताटात मात्र भाजी दुप्पट, दोन उकडलेली अंडी किंवा मटणाचे चार तुकडे, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि त्यावर भुरभुरलेला सांबार (नागपूरबाहेरच्या वाचकांनी येथे कोथिंबीर समजावी) एवढेच असते, आणि पोळीची जागा रिकामी राहते. या ताटाला घरात ‘पॅलिओ’ म्हणतात. पुराश्मयुगाच्या इंग्रजी नावातून आलेला हा शब्द आहे. नांगर, जाते आणि गोठा यांच्या आधी माणूस जे खात होता तेच आजही त्याच्या शरीराला मानवते, असा या पद्धतीचा दावा आहे. म्हणून धान्ये, डाळी, दूध, साखर आणि कारखान्यातील तेल वर्ज्य, तर मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, कंद आणि सुकामेवा ग्राह्य मानला जातो. हा युक्तिवाद दहा हजार वर्षांचा हिशेब मांडतो. नागपूरच्या ताटातून प्रत्यक्षात जे उचलले जाते, त्यातील बराच भाग मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांतच तेथे येऊन बसला आहे, आणि या प्रकरणाची खरी पार्श्वभूमी त्या फरकात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पॅलिओच्या पूर्वेतिहासात १८६३ या वर्षाला योगायोगाने दुहेरी महत्त्व आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळच्या पल्लावरम येथे दगडी हत्यार सापडले आणि भारतातही पुराश्मयुगीन माणूस वावरत होता याचा पुरावा हाती आला. तो काळ दर्शवणारा ‘पॅलिओलिथिक’ हा शब्द तर जॉन लबक यांनी त्यानंतर दोन वर्षांनी, १८६५ मध्ये रूढ केला. त्याच १८६३ मध्ये लंडनमध्ये विल्यम बँटिंग या अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या स्थूल गृहस्थाने, डॉक्टरांच्या सल्ल्याने पाव, साखर, दूध, बिअर आणि बटाटा सोडून आपले वजन कसे उतरवले, याची हकीकत पुस्तिकेच्या रूपाने छापली आणि ती हातोहात खपली. एकीकडे आदिमानवाचा शोध आणि दुसरीकडे पिष्टमय पदार्थ टाळण्याचा उपाय, असे हे दोन प्रवाह पुढे शंभर वर्षे एकमेकांची फारशी दखल न घेता वाहत राहिले.

त्यांची गाठ अमेरिकेत पडली. १९७५ मध्ये वॉल्टर व्होग्टलिन या पोटविकारतज्ज्ञाने माणूस मूलतः मांसाहारी असल्याचे सांगून अश्मयुगीन आहाराचा पुरस्कार केला, परंतु त्याकडे फार कोणी लक्ष दिले नाही. विषयाला प्रतिष्ठा मिळाली ती जानेवारी १९८५ मध्ये. बॉइड ईटन हे क्ष-किरणतज्ज्ञ आणि मेल्विन कॉनर हे मानवशास्त्रज्ञ, या दोघांचा लेख अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुराश्मयुगीन आहार हा गंभीर चर्चेचा विषय झाला. या लेखातील आकडे आजच्या पॅलिओप्रेमींना अडचणीचे वाटावेत असे आहेत. त्यांनी गृहीत धरलेल्या आहारात मांस सुमारे ३५ टक्के आणि वनस्पतिजन्य अन्न ६५ टक्के होते, आणि ऊर्जेपैकी सुमारे ४५ टक्के वाटा कर्बोदकांचा, ३४ टक्के प्रथिनांचा आणि २१ टक्के स्निग्धांचा होता. म्हणजे त्या मूळ मांडणीत लोण्यात तळलेल्या पनीरला स्थान नव्हते. पुढे २००२ मध्ये कोलोरॅडोतील प्राध्यापक लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने ‘पॅलिओ’ हे नाव घरोघरी पोहोचवले, आणि समाजमाध्यमांनी उरलेले काम केले. भारतात तमिळनाडूत या पद्धतीचा मोठा प्रसार झाला. तेथे शाकाहारी लोकांसाठी पनीर, तूप आणि बदाम यांना प्रवेश देण्यात आला आणि तोच अवतार पुढे मराठी घरांतही आला. गुरे पाळल्याशिवाय दूध नाही आणि दुधाशिवाय पनीर नाही, ही विसंगती बहुतेकांनी हसून सोडून दिली आहे.

शेतीआधीचेच अन्न शरीराला मानवते, हा पॅलिओचा दावा इतिहास म्हणून कच्चा आहे, हे नमूद केले पाहिजे. इराकमधील शानिदार आणि बेल्जियममधील स्पी येथील निअँडरथल या नामशेष मानवजातीच्या दातांवरच्या किटणात वनस्पतींच्या पिष्टाचे कण सापडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांपैकी काही शिजवलेले होते. जॉर्डनमधील एका स्थळी तर शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीचे, सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे, भाकरीसदृश पदार्थाचे जळके तुकडे मिळाले आहेत. माणसाचे शरीरही दहा हजार वर्षे स्वस्थ बसलेले नाही. पिष्ट पचवण्यास मदत करणाऱ्या लाळेतील घटकाच्या जनुकाच्या प्रती पिष्टमय अन्नावर जगणाऱ्या समूहांत सरासरीने अधिक आढळतात, आणि मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता पशुपालनानंतर पसरली.

नागपूरकरांना दगडांच्या नावाने होणारी अशी फसगत पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शहरालगत काटोल रस्त्यावर जुनापाणी येथे शेकडो शिळावर्तुळे, म्हणजे दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळे, आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने तेथे उत्खनन केले. सहलीला येणारे अनेक जण त्यांना ‘अश्मयुगीन’ म्हणतात, परंतु ही दफने लोहयुगीन आहेत. ती रचणाऱ्या लोकांकडे लोखंडी अवजारे होती, घोडे होते, आणि त्याच संस्कृतीच्या नाईकुंडसारख्या वस्तीत लोखंड वितळवण्याची भट्टी आणि धान्याचे दाणेही मिळाले आहेत. विदर्भातील या दगडांखाली निजलेला माणूस धान्य खाणाराच होता.

त्याच रस्त्याने पुढे गेले की काटोल लागते, आणि नागपुरात पॅलिओला पोषक जमीन कशी तयार झाली याचे उत्तर काही अंशी तेथे मिळते. काटोल तालुक्यात जन्मलेले आणि १९८० मध्ये तेथूनच आमदार झालेले डॉ. श्रीकांत जिचकार हे त्यांच्या पदव्यांच्या संख्येसाठी देशभर ओळखले जातात. परंतु नागपूरच्या मध्यमवर्गाच्या स्मरणात त्यांची आहारावरील व्याख्यानेही आहेत. दर वेळी खाल्ले की इन्सुलिन स्रवते आणि दिवसभर चरत राहिल्याने शरीरात चरबी साठत जाते, हे सूत्र त्यांनी सोप्या मराठीत मांडले. २ जून २००४ रोजी कोंढाळीजवळ झालेल्या मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी जिचकारांचे श्रेय मान्य करून दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची आणि ४५ मिनिटे चालण्याची पद्धत राज्यभर नेली. या पद्धतीत पोळीवर बंदी नाही, त्यामुळे ती पॅलिओ नव्हे. तथापि, ‘इन्सुलिन’ हा शब्द वरणभाताच्या ताटावर बसून उच्चारण्याची सवय नागपूरला तिनेच लावली, आणि पॅलिओ आले तेव्हा त्याची परिभाषा येथे आधीच तोंडी बसलेली होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज दिला. ज्या घरात वडिलांना आणि काकांना साखरेचा आजार आहे, त्या घरात असा विचार रुजण्यास वेगळे निमित्त लागत नाही.

आता त्या रिकाम्या जागेकडे, म्हणजे पोळीकडे पाहावे. गहू नागपूरच्या शेतांना अपरिचित नव्हता, परंतु सामान्य कुटुंबाचे रोजचे अन्न ज्वारीची भाकरी होते. पूर्वेला भंडाऱ्याकडे गेले की भात. पोळी ही सणाची, पाहुण्यांची किंवा बऱ्या परिस्थितीची खूण होती. अमेरिकेतून आलेला गहू, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील हरितक्रांती आणि रेशन दुकानातून मिळणारा स्वस्त गहू-तांदूळ यांनी ही मांडणी बदलली. पुढे सोयाबीनने खरिपातील ज्वारीची जमीन व्यापली, आणि ज्वारी बाजारात गव्हाहून महाग होण्याचे दिवसही आले. तेलाचेही तसेच झाले. हलबा कोष्टी विणकरांच्या वस्त्यांतून पुढे आलेले सावजी जेवण मुळात जवसाच्या तेलात शिजत असे. आज बहुतेक ठिकाणी त्या कढईत रिफाइंड तेल असते. पॅलिओच्या नावाखाली जेव्हा गव्हाची पोळी, साखरेचा चहा, मैद्याची बिस्किटे आणि रिफाइंड तेल एकदम बंद होते, तेव्हा ताट अश्मयुगात न जाता फार तर आजीच्या लहानपणापर्यंत जाते, आणि फायदा झालाच तर तो बव्हंशी तेवढ्याच प्रवासाचा असावा.

स्वयंपाकघरात मात्र खरी अडचण गव्हाची नसते. ती असते डाळीची आणि शेंगदाण्याची. गोळाभात, पाटोडीचा रस्सा, डाळभाजी, झुणका हे सगळे वैदर्भीय पदार्थ हरभरा आणि तूर यांवर उभे आहेत, आणि भरितापासून कोशिंबिरीपर्यंत शेंगदाण्याचे कूट कोठे पडत नाही, हे सांगणे कठीण आहे. शेंगदाणा हा शेंगवर्गीय असल्याने काटेकोर पॅलिओत तोही बाद ठरतो. आमच्या घरी त्याच्या जागी जवस आला, आणि तो टिकला. कोरड्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर जवस भाजला की आधी एकेक दाणा तडतडतो, मग सगळा तवा बोलू लागतो. त्या क्षणी तो उतरवला नाही तर चटणी कडू होते. लसूण, मीठ आणि सुक्या मिरच्यांसह कुटलेली ही चटणी वांग्याच्या भरितात कालवली की कुटाची आठवण निम्मी होते. फुलकोबी किसून केलेला ‘भात’ मात्र तितका टिकला नाही, कारण झाकण ठेवले की त्याला पाणी सुटते आणि भाताऐवजी लगदा वाढावा लागतो. झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर, चार मिनिटांत उरकला तरच तो मोकळा राहतो. अंड्यांचा प्रश्न शाकाहारी सासू-सासऱ्यांच्या घरांत गॅलरीत ठेवलेल्या वेगळ्या शेगडीने आणि वेगळ्या तव्याने सुटतो. पावसाळ्यात गोकुळपेठेच्या बाजारात काटवल, तरोटा, सात्या आणि बांबूचे वास्ते (कोवळे कोंब) या रानभाज्या आल्या की पॅलिओवाल्याचे आणि बाकीच्यांचे ताट काही आठवडे जवळजवळ सारखे होते. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने पोळीभात एकाएकी सोडला तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावे लागते, हे मात्र अनेक घरांत चक्कर आल्यानंतरच कळते.

नांगराआधीचे जेवण ही कल्पना मराठी घराला परदेशातून शिकावी लागली, असेही नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीच्या दिवशी, बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही असा दंडक आहे. त्या दिवशी परसात हाताने लावलेल्या भाज्या, कंद आणि नांगरणीविना तळ्याकाठी उगवलेले पसईचे तांदूळ शिजतात. गहू, तूर आणि हरभरा डब्यातच राहतात. हा नियम आरोग्यासाठी नाही, तो व्रताचा आहे आणि तो एका दिवसापुरता आहे. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच महालक्ष्म्या जेवतात. नागपूरच्या घरांत त्या दिवशी ज्वारीची आंबील, सोळा भाज्या, कढी, वडे आणि तुपाची धार सोडलेली पुरणपोळी असते, आणि पानांची रांग मांडताना कोणाचे पान वेगळे वाढायचे, हा प्रश्न त्या दुपारी कोणी विचारत नाही.