मुलाच्या ऐकण्याबद्दल नेटवर शोधताय? आधी रिपोर्ट हातात घ्या

आमच्याकडे कानाच्या मशीनसाठी जे आईबाबा येतात त्यातल्या बऱ्याच जणांनी रात्र रात्र जागून मोबाईलवर भरपूर वाचलेलं असतं आणि वाचून वाचून ते जास्तच घाबरलेले असतात. एका ठिकाणी असतं की थांबा, आपोआप बरं होईल, दुसरीकडे असतं लगेच ऑपरेशन करा, तिसरीकडे कानात कसलंतरी तेल घाला. आता यातलं पहिलं आणि दुसरं दोन्ही कुठल्यातरी मुलाच्या बाबतीत खरं असतं, प्रश्न एवढाच की ते तुमच्या मुलाबद्दल आहे का.

म्हणजे बघा, कानाच्या पडद्यामागे पाणी साचल्यामुळे कमी ऐकू येत असेल तर ते बऱ्याचदा ३ महिन्यांत आपोआप कमी होतं, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात. पण आतल्या कानातल्या बारीक पेशी खराब झाल्या असतील तर माणसात त्या परत उगवत नाहीत, तिथे थांबून नुसता वेळ जातो, आणि तेल तर तिथपर्यंत पोचतच नाही. पहिल्याला रिपोर्टमध्ये कंडक्टिव्ह लिहितात, दुसऱ्याला सेन्सोरीन्यूरल. तर हा शब्द, एक कान की दोन्ही, किती डेसिबल आणि मुलाचं वय, एवढं हाताशी ठेवून शोधा. नुसतं 'मुलाला ऐकू येत नाही' टाकलं की सगळ्यांची माहिती एकत्र येते आणि डोकं भंजाळतं.

डेसिबल म्हणजे टक्के नाहीत हो, ही चूक फार होते. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, ४० डेसिबल असेल तर ४० टक्के ऐकणं गेलं असा अर्थ नाही, त्या मुलाला आवाज साधारण ४० डेसिबलइतका मोठा झाला की मग तो जेमतेम कळायला लागतो, म्हणजे हळू बोललेलं बरंचसं निसटतं. असं मूल टाळी वाजवली की वळतं, म्हणून घरात सगळे म्हणतात याला ऐकू येतंय.

'ओएई पास आहे, आता काळजी नाही' हेही बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. ओएई म्हणजे कानात बारीक प्लग लावून करतात ती टेस्ट, ती आतल्या कानापर्यंतचं सांगते, पुढे नसेतून मेंदूकडे आवाज नीट जातोय का ते बेरा टेस्टमध्ये कळतं. काही मुलांची ओएई चांगली येते आणि बेरा बिघडलेली असते, आणि काहींचं ऐकणं जन्मानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही कमी होतं. त्यामुळे जुना पास रिपोर्ट असला तरी तुम्हाला शंका वाटत असेल तर परत तपासा, आईची शंका आम्ही कधीच हलक्यात घेत नाही.

बातम्यांचंही तसंच. २०२४ मध्ये जीन थेरपीने, म्हणजे बिघडलेल्या जीनऐवजी चांगला जीन कानात पोचवून, मुलांना ऐकू यायला लागल्याची बातमी आली, ती खरीच आहे, लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलेल्या त्या अभ्यासात ६ पैकी ५ मुलांचं ऐकणं सुधारलं. पण ती सगळी ओटीओएफ नावाच्या एकाच जीनमध्ये दोष असलेली मुलं होती आणि असा दोष थोड्याच मुलांत असतो. फॉरवर्डमध्ये हे वाक्य गळून जातं.

मग वाचायचं कुठे? जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेतल्या सरकारी सीडीसी आणि मेडलाईनप्लस, ब्रिटनमधली नॅशनल डेफ चिल्ड्रन्स सोसायटी यांच्या साईट चांगल्या आहेत, भाषा सोपी आहे. कुठलंही पान वाचताना कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय आणि लिहिणारा काही विकतोय का ते बघा. आम्ही पण मशीन विकतो, तेव्हा आमचं म्हणणंसुद्धा ईएनटी (कान-नाक-घसा डॉक्टर) आणि ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे तज्ज्ञ) यांच्याकडून ताडून घ्या, आम्हाला राग येणार नाही. मूल मशीन ओढून काढतं, मोल्ड (मशीनचा कानात बसणारा भाग) शिट्टी मारतो अशा रोजच्या गोष्टींसाठी मात्र दुसऱ्या पालकांना विचारा, त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. खुणांची भाषा शिकवली तर मूल बोलणारच नाही असं कुणी ठासून सांगत असेल तर त्यावर जाऊ नका.

आणि 'आमच्या दोघांच्या घरात कुणालाच नाही, मग हे कुठून आलं' म्हणून आईला बोल लावू नका. दोघांनाही छान ऐकू येत असताना दोघांकडून एकेक दोषी जीन मुलात येऊ शकतो, हे खूप कॉमन आहे.

फक्त वाचण्यात महिने घालवू नका. बाळ १ महिन्याचं होईपर्यंत पहिली तपासणी, ३ महिन्यांचं होईपर्यंत पक्कं निदान आणि ६ महिन्यांचं होईपर्यंत उपचार सुरू, असं तज्ज्ञ सांगतात. तुमचं मूल यापेक्षा मोठं असेल तर उशीर झाला म्हणून बसू नका, या आठवड्यातच अपॉइंटमेंट घ्या.

येताना सगळे जुने रिपोर्ट आणि मनातले प्रश्न एका कागदावर लिहून आणा. मशीन घ्यायचं नसलं तरी चालेल, ऑडिओग्राम कसा वाचायचा ते शेजारी बसून दाखवतो.