आवाजाची एकेरी वाहतूक : पार्श्वभूमी

विजापूरच्या गोलघुमटात सज्जात उभं राहून भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या बाजूला, साधारण ३८ मीटरवर, ते शब्द कानाशी बोलल्यासारखे ऐकू येतात. तिथून कुणी उत्तर दिलं तर तेही तितकंच स्पष्ट इकडे येतं. पर्यटकाला कौतुक कुजबुज पोचल्याचं. ध्वनीच्या अभ्यासकांची अडचण झाली ती मात्र या दुतर्फा वाटेची. आवाज ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परतही येतो, मग त्याला एकाच दिशेने कसं पाठवायचं?

जाण्यायेण्याची वाट एकच, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६० मध्ये मांडला आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी पुढे व्यापक केला. त्यात एक फट होती, ती म्हणजे वारा. वाऱ्याच्या दिशेने मारलेली हाक माळावर लांब जाते, उलट मारलेली विरते. वारा आवाजाला मागे ढकलतो म्हणून असं होतं, असा आपला समज. ब्रिटनमधले शास्त्रज्ञ स्टोक्स यांनी १८५७ मध्येच खरं कारण दिलं होतं. जमिनीपेक्षा वर वारा जास्त वेगाने वाहतो, त्यामुळे वाऱ्याविरुद्ध निघालेल्या लहरी वर वळतात आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातात.

रडारवाल्यांनी हाच प्रश्न चुंबकाने सोडवला. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या फेराइट या लोहयुक्त पदार्थातून जाताना रडारच्या सूक्ष्मलहरींना (मायक्रोवेव्ह) जाण्याची आणि येण्याची वाट सारखी राहत नाही. पण हवेतल्या आवाजाला चुंबकाची दखलच नसते. चीनमधल्या नानजिंगच्या संशोधकांनी २०१० मध्ये 'ध्वनी डायोड' करून दाखवला. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, हा तसाच पण आवाजासाठी. सूक्ष्म बुडबुड्यांच्या द्रवातून लहरींची वारंवारता दुप्पट व्हायची आणि तेवढीच पुढे सुटायची. एकेरी वाट झाली खरी, पण आत गेलेला सूर बाहेर येताना तो सूर राहत नव्हता. अशाने बोलणं कसं पाठवणार?

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या आंद्रेआ अलू, रोमँ फ्लरी आणि सहकाऱ्यांनी पुन्हा वाऱ्याकडेच धाव घेतली. एक पोकळ कडं, त्यात कॉम्प्युटर थंड ठेवतात तसले तीन छोटे पंखे आणि बाहेर तीन नळ्या. पंख्यांची झुळूक आवाजाच्या सेकंदाला ३४० मीटर वेगापुढे काहीच नाही. पण लहर कड्यात घुमत राहते, आणि तो किंचित फरक फेरीगणिक साठत जातो. एका नळीतून आलेला आवाज दुसरीतून बाहेर पडायचा, तिसरीकडे जवळपास शांतता. फरक ४० डेसिबलपर्यंत, म्हणजे ऊर्जेत दहा हजार पट. आपल्या चौकातल्या सर्कलसारखंच, फक्त इथे उलट्या बाजूने कुणी घुसत नाही!

वाटेत लहर क्षीण होते, ही अडचण उरली. ती सोडवायला पुढे आले स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिच या तंत्रविद्यापीठाचे निकोला न्वारे. त्यांचा एरवीचा विषय विमानाच्या इंजिनातल्या ज्वलनकक्षात आपोआप वाढत जाणारे धोकादायक ध्वनिकंप. त्यांनी तसलेच, पण निरुपद्रवी कंप मुद्दाम घडवले. चकतीसारख्या पोकळीत भोवऱ्यासारखी हवा फुंकली की विशिष्ट वेगाला आत शिट्टी वाजू लागते आणि तिची लहर गोल फिरत राहते. नळीतून सुमारे ८०० हर्ट्झची लहर आली की तिचा या शिट्टीशी ताल जुळतो. तिला वाऱ्यातून बळ मिळतं आणि ती न थकता पुढच्या नळीतून बाहेर पडते. २०२४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात ऑस्टिनच्या प्रयोगातले फ्लरीही होते. आता हीच कल्पना रडारच्या सूक्ष्मलहरींनाही लावता येईल, असं या मंडळींना वाटतं.