१६० मेगाहर्ट्झ लावलं म्हणजे सगळे फोन दुप्पट पळत नाहीत

'राउटर १६०वर टाका, वायफाय दुप्पट' हा सल्ला बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत ऐकू येतो. अर्धवट आहे. हे १६० म्हणजे चॅनेलची, वायफायच्या रस्त्याची, मेगाहर्ट्झमधली रुंदी. ती राउटर आणि उपकरण या दोघांतलं जे कमी, त्यावर ठरते. आयफोन १४ ची मजल ८० पर्यंतच. तो १६० च्या राउटरला जोडला जातो, पण ८० नेच बोलतो. म्हणून 'जुने फोन वायफायला जोडलेच जाणार नाहीत' ही भीतीही खोटी.

लॅपटॉपमध्ये इंटेल एएक्स२०० हे वायफाय कार्ड असेल तर १६० मिळतं, एएक्स२०३ असेल तर नाही. विंडोजमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड बघा: वायफाय ६, दोन अँटेना, राउटरजवळ असताना २४०२ एमबीपीएस म्हणजे १६०, १२०१ म्हणजे ८०.

खरी गोची पल्ल्याची. रुंदी दुप्पट केली की सिग्नलसोबत येणारा रेडिओचा गोंगाटही ३ डेसिबलने वाढतो, म्हणून पल्ला घटतो. वाड्याच्या जाड भिंतीपलीकडे ८०च बरं. शिवाय १६० साठी ३६ ते ६४ क्रमांकांच्या चॅनेलचा पट्टा घेतला की ५२ पासून पुढे रडारही वापरतात ते चॅनेल येतात. बरेच राउटर आधी रडार चालू नाही ना याचा मिनिटभर कानोसा घेतात, आणि तेवढा वेळ ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचं नाव फोनच्या यादीत दिसतच नाही. लोक राउटर बिघडला समजून पुन्हा बंद-चालू करतात, की मिनिट परत पहिल्यापासून!

इंटरनेट प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर हा सगळा खटाटोप घरातल्या घरात मोठ्या फाइली हलवण्यापुरताच.