मांडी आणि पोट यांच्यातला कोन

सपाट रस्त्यावर ताशी 36 किलोमीटर वेगाने सायकल चालवताना पायांची बहुतेक ताकद हवाच खाते. चेन आणि टायर यांच्या वाट्याला त्यातली थोडीच जाते. त्या हवेला आडवे येते ते मुख्यतः स्वाराचे शरीर, सायकलचा वाटा त्या मानाने लहान. रोड बाइकवर ब्रेकच्या मुठी धरून जरा ताठ बसलेल्या मध्यम बांध्याच्या माणसाला या वेगाला फक्त हवा कापायला 210 वॉटच्या आसपास शक्ती लागते. तोच माणूस एरोबारवर, म्हणजे हँडलला जोडलेल्या पुढे जाणाऱ्या दांड्यांवर, कोपरे टेकवून, पाठ आडवी करून बसला, तर 150 वॉटमध्ये काम भागते. वेग वाढवायचा म्हटला तर ही गरज वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढते, म्हणून हे 60 वॉट फार मोलाचे आहेत.

पोहणे, सायकल आणि धावणे सलग असलेल्या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवायला बंदी असते, त्यामुळे वाऱ्याशी एकट्यानेच लढावे लागते. आयर्नमन या अशाच शर्यतीत 3.8 किलोमीटर पोहून झाल्यावर 180 किलोमीटर सायकल, आणि त्यानंतर 42.2 किलोमीटर धाव. गोव्यात मिरामारला 2019 मध्ये पहिल्यांदा झालेली 70.3 (एकूण मैलांवरून पडलेले नाव) शर्यत याच्या निम्म्या अंतराची. अशा शर्यतीला उतरणारे बरेच जण नेहमीच्या रोड बाइकलाच एरोबार जोडतात, हँडल खाली घेतात आणि तयारी झाली असे समजतात. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते.

पेडल सर्वांत वर आले की गुडघा छातीकडे येतो. त्या क्षणी मांडी आणि धड यांच्यात जो कोन उरतो, त्यावर जवळजवळ सगळे ठरते. सीट मागे तशीच ठेवून फक्त धड खाली नेले तर हा कोन मिटत जातो. पोट दाबले जाते, श्वास उथळ होतो, नितंबाच्या मोठ्या स्नायूंना नीट जोर लावता येत नाही. मग शरीर आपणहून वाट काढते: स्वार कंबरेतून कुबड काढतो किंवा प्रत्येक फेऱ्याला गुडघे बाहेर फेकतो. नाहीतर दर दोन मिनिटांनी सीटच्या टोकावर सरकतो आणि पुन्हा मागे येतो. ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) बाजूने मोबाइलने व्हिडिओ काढला तर हे सरकणे स्वच्छ दिसते. पुढे सरकणारा माणूस सांगत असतो की सीट त्याला हवी त्याहून मागे आहे.

उपाय साधा, पण विलक्षण सुंदर आहे. धड एकटे खाली न नेता सगळे शरीरच क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांड्याच्या) आसाभोवती पुढे फिरवायचे, घड्याळाचा काटा थोडा पुढे सरकवावा तसे. सीट पुढे आणि किंचित वर, हँडल खाली. पाठ आडवी होते, तरी मांडी आणि पोट यांच्यातला कोन रोड बाइकवर होता तेवढाच राहतो. रोड बाइकची सीटखालची नळी जमिनीशी साधारण 73 अंशांवर असते. ट्रायथलॉन बाइकवर हा कोन 76 ते 80 अंश, कधी त्याहूनही जास्त असतो. 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत डॅन एम्पफील्ड यांनी क्विंटाना रू या कंपनीतर्फे अशी उभ्या नळीची सायकल आणली. त्याच सुमारास ट्रायथलॉनमधले एरोबार जगभर गाजले ते 1989 च्या टूर दी फ्रान्स या सायकल शर्यतीमुळे. व्हर्साय ते पॅरिस या शेवटच्या 24.5 किलोमीटरच्या टप्प्यापूर्वी अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड 50 सेकंदांनी मागे होता. एरोबार लावून त्याने ते अंतर भरून काढले आणि शर्यत 8 सेकंदांनी जिंकली.

सीट पुढे घेताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. सीट 1 सेंटिमीटर पुढे आली की ती क्रँकच्याही साधारण 3 मिलिमीटर जवळ येते, म्हणून तेवढी वर घ्यावी लागते. नाहीतर गुडघा जास्त वाकलेला राहतो आणि पुढच्या बाजूने दुखू लागतो. पेडल खाली असताना, सायकल थांबवून मोजले तर, गुडघ्याचा वाक 25 ते 35 अंशांत असावा.

हातांचे काम वजन तोलण्याचे आहे, लटकण्याचे नाही. दंड आणि धड यांच्यात साधारण काटकोन असला की भार हाडांवर येतो आणि खांदे सैल राहतात. एरोबारवरचे कोपरे टेकवायचे पॅड फार पुढे गेले तर दंडाच्या मागचा स्नायू आणि मान थकतात.

ओटीपोट पुढे कलले की बसण्याच्या हाडांवरचा भार पुढच्या मऊ भागावर येतो आणि तिथली नस दबते. बधिरपणा म्हणजे सहनशक्तीची परीक्षा नव्हे. तो आला की सीट बदलायची. पुढे दोन फाटे असलेल्या किंवा मधे खाच असलेल्या सीट याचसाठी बनतात. माझ्या मते महागड्या चाकांआधी पैसे इथे घालावेत. कारण बसवत नाही म्हणून स्वार दर पाच मिनिटांनी उठून ताठ होत असेल, तर वाचवलेले वॉट तो तिथेच परत देतो.

तरीही कोन मिटत असेल तर आखूड क्रँक. 172.5 ऐवजी 165 मिलिमीटरचा क्रँक लावला की सीट 7.5 मिलिमीटर वर घ्यावी लागते आणि वरचे पेडल तेवढेच खाली येते, म्हणजे गुडघ्याला 15 मिलिमीटर मोकळीक मिळते. ताकद कमी होईल ही भीती अनाठायी आहे. 120 ते 220 मिलिमीटरचे क्रँक लावून केलेल्या प्रयोगात सर्वोच्च शक्तीत जेमतेम 4 टक्क्यांच्या आसपास फरक दिसला होता.

किती खाली जायचे, हे मात्र आरशात पाहून ठरत नाही. शर्यतीच्या वेगाने, पाणी पीत, खात, मान वर करून पुढचा रस्ता पाहत तासन् तास टिकते तेवढेच खाली जावे. उतरल्यावर लगेच दोन-तीन किलोमीटर धावून बघावे. पाऊल मोकळे पडत नसेल, कंबर आखडली असेल, तर पॅड सेंटिमीटरभर वर घ्यावेत. ब्रेक एरोबारवर नसतात हेही ध्यानात ठेवावे. खड्ड्यांच्या रस्त्यावर, गर्दीत आणि घाटाच्या उतारावर हात खालच्या हँडलवरच हवेत.

एका वेळी एकच बदल करावा, तोही काही मिलिमीटरचा. मग आठवडाभर त्यावर सायकल चालवून बघावी. मापे जुळली की क्रँकच्या आसापासून सीटची उंची, सीटचे टोक आसाच्या किती पुढे-मागे आहे आणि सीटपासून पॅड किती खाली आहेत, हे तीन आकडे लिहून ठेवावेत आणि सीटपोस्टवर (सीटच्या दांड्यावर) चिकटपट्टीची खूण करावी. शर्यतीच्या गावी नेताना सायकल खोलून खोक्यात भरावी लागते, आणि आदल्या संध्याकाळी ती पुन्हा जोडताना ही खूणच कामी येते.