तीन फुटी रूळ आणि निमुळती चाकं

रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर म्हणे रोमन रथांच्या घोड्यांवरून ठरलं! हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय. या अंतराला गेज म्हणतात, आणि १४३५ मिलिमीटरचं स्टँडर्ड गेज आलं ते इंग्लंडच्या कोळसाखाणींच्या गाड्यांवरून. स्वीडनमधल्या छोट्या खासगी रेल्वेंपुढे तर ही रथाची गोष्ट अजिबात टिकत नाही. उप्सालापासून लेन्ना या लोखंडाच्या कारखान्याच्या गावापर्यंत १८७६ साली सुरू झालेल्या रेल्वेचं गेज आहे ८९१ मिलिमीटर. जुना स्वीडिश फूट २९६.९ मिलिमीटरचा. त्याची तिप्पट ८९०.७. म्हणजे सरळ तीन फूट.

कमी भांडवलाच्या कंपनीला अरुंद गेज परवडे. डबे हलके, रुळांखालचे आडवे स्लीपर आखूड, आणि मुख्य म्हणजे वळणं तीव्र घेता येत, त्यामुळे खडक फोडण्याऐवजी वळसा घालता येई. पण अरुंद गाडी जास्त वळते ती कशामुळे?

गाडीला चाकाची कड, म्हणजे फ्लँज, वळवते असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. चाकाचा रुळावर टेकणारा भाग किंचित निमुळता असतो, साधारण २० ला १ उतार. स्टीलचा निमुळता पेला आडवा करून ढकलला की तो वळतो, तसंच हे. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. वळणावर आस बाहेर सरकतो, बाहेरचं चाक मोठ्या घेरावर टेकतं, आतलं लहान घेरावर.

आकडे घालून पाहू. चाकाची त्रिज्या ४०० मिलिमीटर, आस ८ मिलिमीटर सरकला. ८ भागिले २० म्हणजे ०.४, त्रिज्या झाल्या ४००.४ आणि ३९९.६. चाकांच्या टेकण्याच्या जागांमधलं अंतर ९५० मिलिमीटर धरलं, तर गाडी ४७५ मीटर त्रिज्येचं वळण कडेची मदत न घेता घेते. स्टँडर्ड गेजवर हे अंतर सुमारे १५०० मिलिमीटर, तिथे उत्तर ७५० मीटर येतं. अरुंद गेजचा खरा फायदा हाच.

त्याहून तीव्र वळणावर कड रुळाला घासते, चाक किंचाळतं, दोन्ही झिजतात. म्हणून वळणावर गेज थोडं रुंद ठेवतात. १६ मिलिमीटर वाढवलं की आसाला दोन्हीकडे ८ मिलिमीटर जादा जागा मिळते आणि ४७५ चे २३७ मीटर होतात. निदान गणितात, प्रत्यक्षात एका चौकटीतले दोन आस एकमेकांना अडवतात, फायदा थोडा घटतो.

सरळ मार्गावर हाच निमुळतेपणा त्रास देतो. आस नागमोडी चालतो. वरच्या आकड्यांत एका लाटेची लांबी सुमारे १२ मीटर, स्टँडर्ड गेजवर १५. लाट आखूड असल्याने अरुंद गाडी कमी वेगातच डुलू लागते. चाकं झिजून खोलगट झाली की डुलणं आणखी वाढतं. मग चाकं लेथवर चढवून मूळ आकाराला आणावी लागतात.

लेन्नाच्या याच मार्गावर १९७४ पासून संग्रहालयाच्या गाड्या धावतात, उप्साला ते फारिंगे, ३३ किलोमीटर. तीव्र वळणावरच्या झिजेवर उपाय साधा आहे: बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला ग्रीस. माथ्यावर मात्र थेंबही नको. तिथे ग्रीस लागलं की ब्रेक लावल्यावर चाक घसरतं.