फर्माचा घात करणारी संख्या

4294967297. आपल्या पद्धतीने वाचायचं तर 4 अब्ज 29 कोटी 49 लाख 67 हजार 297. शेवटी 7 आहे म्हणजे 2 ने जात नाही, 5 ने जात नाही, अंकांची बेरीज 59 म्हणजे 3 ने पण नाही, मग मूळ संख्या आहे की काय अशी शंका यायला लागते. फर्मासारख्या सतराव्या शतकातल्या थोर फ्रेंच गणितज्ञाला सुद्धा तेच वाटलं होतं.

त्याचं झालं असं, की 2 चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घ्यायचा आणि त्यात 1 मिळवायचा. 3, 5, 17, 257, 65537. पाचही मूळ संख्या! 1640 च्या सुमारास फर्माने पत्रातून कळवून टाकलं की ही रांग अशीच चालू राहणार. पुढची संख्या 2³² + 1, म्हणजे आपली हीच बया.

जवळपास 92 वर्षं कोणी ती फोडली नाही. 1732 मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने सांगितलं की हिला 641 ने पूर्ण भाग जातो, 641 × 6700417. आता 641 पर्यंत एकेक मूळ संख्या घेऊन भागत बसायची पण गरज नाही, कारण ऑयलरनेच पुढे दाखवलं की हिचा कुठलाही मूळ अवयव 64 च्या पटीत 1 मिळवून येतो. मग उरतात 193, 257, 449, 577 आणि 641. पाचव्या फटक्यात काम फत्ते!

भागाकार न करता पण बघता येतं, आणि मला तर हे फार आवडतं. 640 म्हणजे 5 × 2⁷. 640 म्हणजे 641 वजा 1, म्हणून 640 च्या जागी वजा 1 धरता येतो, आणि 640 चा चौथा घात 641 ने भागला की बाकी 1 येते. तो चौथा घात म्हणजे 625 × 2²⁸, आणि 625 म्हणजे 641 वजा 16, म्हणून 625 च्या जागी वजा 16 धरलं तरी बाकी बदलत नाही. 16 × 2²⁸ म्हणजे 2³². तर वजा 2³² ची बाकी 1, म्हणजेच 2³² + 1 ला 641 ने नि:शेष भाग जातो. झालं, कॅल्क्युलेटर लागलाच नाही.

गंमत अशी की फर्माचीच एक टेस्ट आहे, p मूळ असेल (2 सोडून) तर 2 च्या p-1 व्या घाताला p ने भागल्यावर बाकी 1 येते. आपली संख्या त्यात आरामात पास होते! अशा बनावट मालाला स्यूडोप्राईम म्हणतात. 2 ऐवजी 3 घेतला की मात्र पितळ उघडं पडतं.

अजून एक. ही 65536² + 1² आहे, ते उघडच आहे, पण 62264² + 20449² पण हीच. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून फार तर एकाच प्रकारे लिहिता येते, त्यामुळे दुसरी जोडी सापडली तिथेच खेळ खल्लास.

फर्माच्या त्या रांगेत पुढे 2 च्या 2³² व्या घातापर्यंतची एकही संख्या मूळ नाही हे आता माहीत आहे, 65537 नंतर एकही मूळ सापडलेली नाही. आणि याचा संबंध थेट भूमितीशी येतो. 1796 मध्ये गॉस या 18 वर्षांच्या जर्मन गणितज्ञाने दाखवलं की 17 बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या कंपास-पट्टीने काढता येतो, आणि विषम बाजूंसाठी हीच मूळ संख्यांची रांग कामी येते, त्यातली एक घ्या किंवा वेगवेगळ्या काहींचा गुणाकार. त्या पाचांचा गुणाकार केला की येतो 4294967295, आपल्या संख्येपेक्षा बरोब्बर 2 ने कमी, आणि कंपास-पट्टीने काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या बहुभुजांमध्ये आजवर माहीत असलेला सगळ्यात मोठा आकडा तोच.